क्लीटच्या गाडीचं इंजिन

४ मार्च, सोमवार

शनिवारी सकाळी मी शेडचं दार उघडलं, क्लीटच्या गाडीचं बॉनेट वर केलं आणि बॅटरीचा पाना हातात धरून नुसताच उभा राहिलो. इंजिनाच्या डाव्या अंगाला गंजाच्या रंगाची, केसासारखी बारीक, वीतभर लांब रेघ होती. रेघेखाली पाणी झिरपून सुकल्याचा डाग. खाली जमिनीवर लोखंडी पत्र्याचं एक गोल बूच पडलेलं, बर्फानं आतून ढकलून बाहेर काढलेलं. हिवाळ्यात आत पाणी गोठलं, फुगलं आणि इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक फाटला.

मला आनंद झाला.

हे आज लिहितोय, कारण शनिवारी लिहायची हिंमत झाली नाही. आनंद फार टिकला नाही, कॉफीचा घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ. पण झाला. मग मी डोक्यावरची टोपी काढून देवाची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.

गाडी सत्तर सालची शेव्हेल, गर्द निळी, वर दोन पांढरे पट्टे. नोरीन लग्न करून माझ्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक कपाट, तिच्या आजीचं शिवणयंत्र आणि ही गाडी आली. गाडी तिच्या पहिल्या नवऱ्याची, क्लीट प्रूइटची. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. आमच्या लग्नाला आता सात वर्षं होतील. एवढ्या काळात मी त्या गाडीत एकदाही बसलेलो नाही. कुणी विचारलं तर गुडघ्याचं सांगतो. जॅकवरून बस घसरली तेव्हापासून माझा डावा गुडघा पुरता वाकत नाही, हे खरंही आहे.

पाणी आत राहिलं कसं, तेही लिहून ठेवतो. गेल्या ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा दिवस होता आणि नोरीन गाडी घेऊन पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर गेली होती. मी चर्चच्या पुरुषमंडळाच्या न्याहारीला होतो. त्या पट्टीवर कूलंट, ते न गोठणारं द्रावण, चालत नाही. सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि मागून येणाऱ्याचा जीव जातो. म्हणून तिथं जाणारे सगळे साधं पाणी भरतात आणि थंडी पडायच्या आत ते सोडून देतात. नोरीनला वाटलं, मी सोडलं असेल. मला वाटलं, तिथं तिच्याबरोबर इंजिनवाला रॉयस होता, त्यानं सोडलं असेल. नोव्हेंबरात मी शाळेच्या सगळ्या बसचं कूलंट एकेक करून तपासलं. माझं ते कामच आहे. शेडमधल्या गाडीचं माझ्या मनातही आलं नाही.

नोरीनला सांगितलं तेव्हा ती घरातल्या सपातांवरच शेडमध्ये आली. तिनं रेघेवरून बोट फिरवलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"मेलं म्हणायचं," ती म्हणाली.

"लोखंडाला टाके घालणारे असतात. पण भरवसा नाही."

"मग नको. दुसरं बसव. तूच निवड, टॅकेट." ती खुशीत असली की मला आडनावानं हाक मारते. "मला भरवशाचं पाहिजे. आणि मेच्या मध्यापर्यंत पाहिजे."

"मेच कशाला?"

"कशाला म्हणजे? हवा चांगली असते."

संध्याकाळी घेवडा शिजवला होता आणि मक्याचा पाव. ताटं धुताना ती गुणगुणत होती. क्लीटचं इंजिन फुटलं त्या दिवशी ही गुणगुणते. दुःख लपवत असणार.

९ मार्च, शनिवार

रॉयस अॅमरमनच्या वर्कशॉपवर गेलो. इंजिनं बांधणं हाच त्याचा धंदा. क्लीटचा बालमित्र. उंच, सडसडीत; बायको कधीच सोडून गेलेली. माझ्याच वयाचा, पण हसला की शाळकरी दिसतो. नोरीनला तो 'नोरी' म्हणतो. असं म्हणणारे दोघंच होते, त्यातला एक गेला.

"ये, डीकन, ये!" मी चर्चचा डीकन, म्हणजे पदाधिकारी, नाही, हे त्याला माहीत आहे. "शेवटी आलास. मला वाटलं, मी मेल्यावरच या गाडीची आठवण होईल तुला."

"तू मेल्यावर विचारणार कुणाला?"

"हेही खरं. बस. त्या स्टुलावर नको रे, त्याचा पाय मोडलाय नोरीनं, गेल्या उन्हाळ्यात."

गेल्या उन्हाळ्यात माझी बायको इथल्या स्टुलांवर बसत होती. लक्षात ठेवलं.

त्यानं हात पुसत सांगायला सुरुवात केली. "एक म्हणजे होतं तसलंच मोठं इंजिन शोधायचं आणि मी ते नव्यानं बांधून द्यायचं. तोच आवाज, तीच मस्ती. पेट्रोल पिईल, तापेल, लाड करावे लागतील. दुसरं म्हणजे फुटक्या गाडीतलं काढलेलं कुणाकडून तरी घ्यायचं. तो जुगार झाला. तिसरं, कारखान्यातून लाकडी पेटीत बंद होऊन येतं ते. आकारानं लहान, कोरं करकरीत, वर हमी. किल्ली फिरवली की चालू, दर वेळी. पण आवाज…"

"आवाजाचं काय?"

"दानाची थाळी फिरवताना डीकन खाकरतो ना, तसा."

मी हसलो नाही. तो पुढे वाकून म्हणाला, "ऑरिन, खरं सांगू? कुठलं घ्यायचं हे इंजिनावर ठरत नसतं. पहिला प्रश्न एकच. गाडीला जायचंय कुठं?"

"मला काय माहीत."

"बायकोला विचार की मग. एकाच घरात राहता ना?"

विचारतो म्हणालो. निघताना दाराशेजारी भिंतीवर एक भित्तिपत्रक दिसलं. क्लीट प्रूइट स्मृती शर्यत, शनिवार, १८ मे. त्यावर क्लीटचा फोटो. गाडीला टेकून उभा, हाताची घडी, टोपी मागे सरकवलेली. देखणा होता.

मेचा मध्य म्हणजे हे तर. आता विचारायची गरज उरली नाही.

१३ मार्च, बुधवार

प्रार्थनासभा. प्रत्येकानं आपली विनंती सांगायची असते. मी गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणालो.

१७ मार्च, रविवार

मी शिकलो ते लॉरेल फोर्कच्या दोन खोल्यांच्या शाळेत, केंटकीच्या डोंगरात. तिथं मिस ओपल रोज वर तारीख घालून घडलेलं लिहायला लावायच्या. "वाटलेलं नको, घडलेलं," असं म्हणायच्या. ती सवय इकडे इंडियानात आलो तरी सुटली नाही. पण हल्ली घडतं थोडं आणि वाटतंच जास्त.

आज घडलं ते इतकंच. उपासना सुटल्यावर म्हातारे बिल्स यांनी पायऱ्यांवर मला थांबवलं आणि ऐकवलं, क्लीट धान्यगिरणीच्या कोपऱ्यावरून वळला की कॅफेतल्या कपबश्या वाजायच्या. "न बघता कळायचं, क्लीट आला. तसा आवाज आता होत नाही." हे त्यांनी मला कितव्यांदा सांगितलं, देव जाणे. मी मान डोलावली.

घरी येऊन तिन्ही इंजिनांचा शांतपणे विचार केला. जुन्यासारखंच बांधून घेतलं तर दर वेळी किल्ली फिरली की माझ्या अंगणात क्लीट खाकरणार. हा विचार बाजूला ठेवला. निव्वळ भरवसा बघितला, तरी पेटीतलं इंजिनच सरस ठरतं. कोरे भाग, हमी, थंडीत सुरू होण्याची खात्री. मी बस सांभाळणारा माणूस आहे. सकाळी सात वाजता मुलं थंडीत उभी असतात तेव्हा आवाजाचं कौतुक कुणाला नसतं.

म्हणजे माझं मत भरवशापोटीच आहे.

२३ मार्च, शनिवार

पलीकडच्या जिल्ह्यात कुणी मोठं इंजिन विकतोय असं रॉयसला कळलं. नोरीन म्हणाली, बघायला काय हरकत आहे. तिघं त्याच्या पिकअपमधून गेलो. ती मध्ये. तीन माणसांत माझ्या पायाला जागा मिळेना. दोनदा गाडी थांबवून मला उतरावं लागलं, गुडघा सरळ करायला. दुसऱ्या वेळी वर बघितलं तर नोरीन काचेतून माझ्या पायाकडे एकटक बघत होती, शिवायला घेतलेल्या कापडाकडे बघते तशी. लाज वाटत असेल तिला. शेजारी रॉयस, त्याचे ते धडधाकट लांब पाय घेऊन.

विकणारा कोठाराच्या दारात उभा होता. "काढलं तेव्हा चालू होतं," म्हणाला.

"मलाही काढलं तेव्हा मी चालूच होतो," रॉयस म्हणाला. "विचार माझ्या बायकोला."

नोरीन इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. माझ्या विनोदावर ती कधी अशी हसल्याचं आठवत नाही. मी विनोद करत नाही, हेही आहे.

रॉयसनं तेल मोजायची पट्टी ओढून मला दाखवली. तेल कॉफीत दूध घातल्यासारखं झालं होतं. तेलात पाणी. त्यानं पट्टी परत घातली आणि विकणाऱ्याच्या गाईच्या तब्येतीची चौकशी करून आम्ही निघालो.

वाटेत जेवलो. तळलेल्या मांसाचा तो पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबणारा तुकडा माझ्या आवडीचा, पण आज उतरेना. मी हात धुऊन आलो तेव्हा ती दोघं डोकी जवळ करून बोलत होती. "…लांब पायांच्या माणसाला तेवढं पुरेल का?" असं नोरीन विचारत होती. मला बघितल्यावर तिनं लोणच्याची बाटली पुढे सरकवली.

लांब पायांचा माणूस माझ्यासमोरच बसून बटाटे खात होता.

६ एप्रिल, शनिवार

जे दिसलं तेवढंच लिहितो.

कामावरून आलो तर रॉयसचा पिकअप अंगणात. शेडमधून ड्रिलचा आवाज. आत गेलो. क्लीटच्या गाडीचा दरवाजा उघडा आणि चालकाशेजारची सीट मागे सरकवलेली. पट्ट्यांना नवी भोकं पाडून ती पार मागे नेली होती. तीत रॉयस बसला होता, डावा पाय काठीसारखा ताठ पसरून. नोरीन गुडघ्यांवर बसून त्याच्या बुटाच्या टोकापासून पुढच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजत होती. तिच्या हातांना ग्रीस, कपाळालाही.

मला पाहून नोरीननं मोजायची पट्टी मिटली.

"सीट जुनी झाली होती," नोरीन म्हणाली.

"हो, फार जुनी," रॉयस म्हणाला आणि विनाकारण खोकला.

"पायाचं काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय?" त्यानं पाय लगेच आखडून घेतला.

घरमालक ओसरीवर बसतो तसा बसला होता, पाय पसरून. मी हातोडी न्यायला आलो होतो असं सांगून हातोडी घेतली आणि घरात गेलो. ती अजून स्वयंपाकघराच्या टेबलावर पडली आहे.

७ एप्रिल, ईस्टर

टेकाडावर सूर्योदयाची उपासना. गवतावर दव होतं, पूर्वेला गुलाबी रेघ. सगळे गात होते. नोरीनचा आवाज माझ्या उजव्या कानाशी, स्वच्छ. मला एक ओळ गाता आली नाही.

ब्रदर हार्मन, आमचे पाळक, नंतर जवळ आले. "ऑरिन, आजच्या दिवशी तरी चेहरा असा नको."

"गुडघा," मी म्हणालो.

"गुडघा एवढा वर येतो?" ते म्हणाले आणि खांद्यावर थाप मारून पुढे गेले.

थडगं रिकामं सापडलं, ही आजची शुभवार्ता. आणि माझ्या मनात काय यावं, तर क्लीटचं थडगं मात्र काही केल्या रिकामं होत नाही, तो रोज माझ्या शेडमध्ये उभा असतो. देवा, ईस्टरच्या सकाळी असलं सुचणाऱ्या माणसाचं तू काय करतोस?

८ एप्रिल, सोमवार

पेटीतल्या इंजिनाची मागणी नोंदवली. जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न विचारता. सोबत सायलेन्सरही सांगितला. दुकानदारानं विचारलं, कुठला? म्हटलं, सगळ्यात मुका असेल तो.

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. वाद होईल म्हणून सगळी उत्तरं तयार ठेवली होती. नोरीन पावाला लोणी लावत म्हणाली, "बरं केलंस." मग सुरी थांबवून, "चढावर तापणार नाही ना ते?"

"नाही तापणार."

"लांबच लांब चढ असला तरी?"

"नाही."

"मग झालं."

इथं चढ कुठं आहे? दहा मैलांत टेकाड एकच, ईस्टरचं. आणि शर्यतीची पट्टी तर पाटासारखी सपाट. काही कळलं नाही. वाद झाला नाही याचंच वाईट वाटतंय.

२० एप्रिल, शनिवार

इंजिन आलं. पेटीच्या फळ्या काढल्या तर आत तेलकट कागदात गुंडाळलेलं, नवी भांडी यावीत तसं. मला आवडलं, हे कबूल करतो. कुणाच्याही हाताचा डाग त्यावर नव्हता.

जुनं काढायला साखळी आणि दुसरा माणूस हवा, म्हणून नोरीननं रॉयसला बोलावलं. क्लीटचं इंजिन वर उचललं तेव्हा रॉयसनं तोंडातली काडी थुंकली आणि सबंध वेळ एक हात त्याच्यावर ठेवून होता, घोड्याला धरतात तसा.

"भंगारवाल्याला सांगितलंय," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात येईल."

रॉयसनं जुन्यावरचा हात काढला. मग नव्याकडे बघून म्हणाला, "हे इंजिन नाही, ऑरिन. नोरीच्या आजीचं शिवणयंत्र आहे. क्लीटनं हे बघितलं असतं ना, तर—"

"क्लीट नाहीये," नोरीन म्हणाली. पान्यांची पेटी तिनं दाणकन खाली ठेवली. "आणि एक ऐक, रॉयस. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मला या गाडीच्या चाकाला हात लावू दिला नाही. शेजारी बसवायचा. शर्यतीला नेलं तर कुंपणापाशी उभी करायचा. तुला सगळं माहितीये, मग त्याचं नाव मला कशाला ऐकवतोस?"

साखळीला झुलणारं जुनं इंजिन रॉयसनं हातानं थांबवलं.

"खरंय, नोरी," रॉयस हळूच म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती दोघं ही गाडी मिळून चालवत असतील. मग चालवायला हिला शिकवलं कुणी? गेल्या उन्हाळ्यात, त्या स्टुलावर बसून? मेलेल्या माणसाचा हेवा करत बसलो आणि जिवंत माणूस नजरेतून निसटला.

२७ एप्रिल, शनिवार

नवं इंजिन जागेवर बसवलं. आधार बदलावे लागले, नळ्या नव्या कापल्या. दिवसभर एकटाच होतो. काम करताना कुणाचाही विचार आला नाही, तेवढाच दिवस बरा गेला.

४ मे, शनिवार

सुरू केलं. पहिल्या किल्लीला लागलं. आवाज असा की अंगणातला पक्षी फांदीवरून हलला नाही. नोरीन धावत आली, डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या गालावर ओठ टेकवून परत घरात पळाली, चुलीवर दूध होतं.

माझ्या गालाला पीठ लागलं होतं. पूर्ण पाच मिनिटं मला कुणाचा हेवा वाटला नाही.

११ मे, शनिवार

मागच्या चाकांच्या मधला गिअर बदलायचा राहिला होता. तो रॉयसकडेच होतो. गाडी मीच ओढून नेली, पिकअपला बांधून. तिच्यात बसायला लागू नये म्हणून. ब्रेक धरायला नोरीन बसली.

ती समोरच्या दुकानात गेल्यावर रॉयस म्हणाला, "हा होता तो झटक्यात सुटणारा गिअर. क्लीटनं पट्टीसाठी घातलेला. पाव मैलात सगळा दम संपवतो. दुसरा लांबच्या रस्त्याचा. कुठला घालू? जायचंय कुठं?"

"तुला ठाऊक आहेच की. अठरा तारखेची शर्यत."

त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. "तू अजून विचारलं नाहीस तिला?"

मी बाकावरचा पाना उचलून परत ठेवला.

"मार्चमध्ये सांगितलं होतं तुला. मार्चमध्ये!"

"तुला सांगितलंय तिनं?"

"हो."

"मग सांग."

"मी नाही सांगायचो. नवरा तू आहेस." त्यानं दोन्ही गिअर बाकावर शेजारी शेजारी ठेवले. "सोमवारी येऊन सांग, यातला कुठला. तोवर गाडी इथंच. आणि ऑरिन, असा बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या बायकोला क्लच सोडायला शिकवताना तीन महिने माझी मान दुखत होती. दुसरं काहीही झालेलं नाही."

हात उगारावा असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा. जे माझ्या घरात मला माहीत नाही ते याला माहीत आहे. परत येताना पिकअपमध्ये मी नुसता रस्त्याकडे बघत होतो. नोरीननं दोनदा विचारलं, काय झालं? दोन्ही वेळा गुडघा म्हणालो.

१२ मे, रविवार

उपासनेहून आलो. नोरीन मागच्या वाफ्यात टोमॅटोची रोपं लावायला बसली. मी पायरीवर. रोप, मूठभर माती, दाब, पुढचं रोप. खूप वेळ बघत होतो. मग विचारलं.

"नोरीन, गाडीला जायचंय कुठं?"

ती वळली नाही. "आता आठवलं होय विचारायचं?"

"हो."

"तुझ्या घरी."

"हेच माझं घर आहे."

"हे नव्हे, वेड्या. लॉरेल फोर्कला. येत्या रविवारी डेकोरेशन आहे ना तिथं?" मातीचे हात मांडीवर ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "दर वर्षी मेमध्ये तू क्लीटच्या थडग्याशी टोपी हातात घेऊन उभा राहतोस, मी फुलं ठेवीपर्यंत. एकदाही कुरकुर केली नाहीस. आणि तुझी आई, तुझा बाप, तुझी ती धाकटी बहीण, त्यांची थडगी मी अजून पाहिलेली नाहीत. विचारलं की म्हणतोस, पिकअपमध्ये गुडघा एवढा वेळ टिकत नाही, आणि एकट्यानं चालवायचं म्हणजे डोंगरातला रस्ता. मग म्हटलं, चालवायला शिकते. मला पट्टीवर जायची काय हौस होती का? रॉयस म्हणाला, तिथं चालवलीस तर कुठंही चालवशील."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू त्या गाडीचं नाव काढलं की उठून जातोस, टॅकेट. म्हटलं, इंजिन तू निवडलंस तर तुझी होईल ती थोडीतरी." ती परत रोपाकडे वळली. "आणि अठरा तारखेला रॉयसच्या शर्यतीला यायला नाही जमणार, हेही त्याला सांगून टाक. मी सांगितलंय, पण रुसलाय."

मी तिथंच बसून राहिलो. डोंगरात आता कुंपणावर वेली फुलल्या असतील. तिकडे डेकोरेशनच्या दिवशी थडग्यांवरचं गवत खरवडून मातीची उंच रास करतात, वर फुलं, मग झाडाखाली जेवण आणि गाणी. आईच्या राशीवरची माती दर वर्षी दुसरंच कुणीतरी ओढतं.

चढावर तापणार नाही ना, असं तिनं विचारलं होतं.

१३ मे, सोमवार

रॉयसला लांबच्या रस्त्याचा गिअर घालायला सांगितला. तो म्हणाला, "देवा, तुझे उपकार." ब्रदर हार्मनपेक्षा मनापासून म्हणाला.

१५ मे, बुधवार

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. क्लीटचा ब्लॉक पिकअपमध्ये चढवून रॉयसकडे नेला.

"हे काय?"

"टाके घालता येतात म्हणे. गाडीत नको, पण शर्यतीच्या दिवशी बाकावर ठेवता येईल. नाहीतर नुसता राहू दे तुझ्याकडे."

रॉयस ब्लॉकवर तळवा ठेवून उभा राहिला. मग पाठ फिरवून चिंधी शोधायला लागला. चिंधी त्याच्या खांद्यावरच होती. बराच वेळ शोधत होता. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला म्हणाला. यंत्र तर बंद होतं.

"नोरीला म्हणावं," तो म्हणाला आणि पुढचं बोललाच नाही.

'नोरी' अजून टोचतं. हे लिहायला हवं, नाहीतर बाकीचंही खोटं वाटेल.

१८ मे, शनिवार

लॉरेल फोर्क, चुलतभावाच्या ओसरीवर. संध्याकाळ.

सकाळी नोरीन तिच्या गाडीचं इंजिन सुरू करून अंगणात थांबली होती. मागच्या सीटवर कागदी फुलांचं खोकं, जेवणाचा डबा आणि माझं फावडं. मी शेडला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं. मग उजव्या बाजूला, तिच्या शेजारच्या सीटकडे गेलो, दार उघडलं आणि बसलो.

पाठ टेकली. उजवा पाय आत घेतला, मग डावा हातानं उचलून ठेवला आणि हळूहळू सरळ करत नेला. पुढचा पत्रा कुठंतरी लागेल म्हणून थांबत थांबत. लागला नाही. पाय पुरता ताठ झाला तरी बुटापुढे हाताच्या रुंदीएवढी जागा उरली.

मी नोरीनकडे बघितलं. ती सरळ समोर रस्त्याकडे बघत होती, कान लाल.

"पुरलं का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

धान्यगिरणीच्या कोपऱ्यावरून वळलो. कॅफेच्या दारात म्हातारे बिल्स उभे होते. आमच्याकडे पाठ करून कुणाशी तरी बोलत राहिले, त्यांना ऐकूच आलं नाही.

"बरं झालं हे इंजिन घेतलंस," नोरीन म्हणाली. "त्या जुन्यात मी इतकी वर्षं शेजारी बसले, पण माझं एक वाक्य पुरतं ऐकू गेलं नाही कुणाला."

"बोल मग," मी म्हणालो.

डोंगर सुरू होईपर्यंत ती बोलत होती.